वाचक विचारतात : झेब्र्यांचा कळप, रानातला आणि स्क्रीनवरचा

सुट्टीच्या दिवसांत ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत प्राणिसंग्रहालय उभारून चालवायच्या ‘प्लॅनेट झू’ या संगणकावरच्या गेमबद्दलची पत्रं बरीच आहेत, आणि त्यातली बहुतेक झेब्र्यांवर येऊन अडली आहेत. म्हणून या वेळचं सदर झेब्र्यांनाच दिलं आहे. गेममधल्या अडचणींची उत्तरं पुष्कळदा आफ्रिकेतल्या माळावर सापडतात, त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न एकत्रच घेतले आहेत.

‘प्लॅनेट झू’मध्ये तीन नर आणि तीन माद्या असे साधे झेब्रे एका हॅबिटॅटमध्ये (प्राण्यांच्या कुंपणात) ठेवले आहेत. सारखी भांडणं होतात. जखमी झेब्रा बरा होऊन आला की पुन्हा तेच. जागा दुप्पट केली तरी फरक नाही. काय करू?
(शाळकरी वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

जागा कितीही वाढवलीस तरी हे थांबणार नाही, कारण भांडण जागेवरून नाहीच. साधा झेब्रा (प्लेन्स झेब्रा, झेब्र्याच्या तीन जातींपैकी एक) कुटुंब करून राहतो. एक प्रौढ नर, दोन ते पाच-सहा माद्या आणि त्यांची पिल्लं, एवढंच ते कुटुंब. माद्यांमध्येही मानपान असतो. सगळ्यात वरचा मान असलेली मादी पुढे चालते, बाकीच्या आपापल्या क्रमाने तिच्या मागे, आणि नर बहुधा शेवटी किंवा कडेला राहून राखण करतो. नर मेला किंवा दुसऱ्याने त्याला हुसकावलं तरी माद्या सहसा एकमेकींना सोडत नाहीत. ज्यांना कुटुंब नाही असे नर आपली वेगळी टोळी करून हिंडतात. चित्रांत दिसणारा शेकडो झेब्र्यांचा कळप अशा कुटुंबांचा आणि टोळ्यांचा मिळून झालेला असतो. तू सारख्या जोड्या लावल्यास, आणि तिन्ही नर कुटुंबप्रमुखाच्या एकाच मानासाठी उभे राहिले.

आता दुरुस्ती. आधी गेम पॉज कर. झूपीडियात, म्हणजे गेममधल्या प्राण्यांच्या माहितीकोशात, साध्या झेब्र्याचं पान उघड. मिश्र गटात किती नर आणि किती माद्या चालतात, नुसत्या नरांचा गट केवढा असू शकतो, हे तिथे दिलेलं आहे. मग तिन्ही नरांचे वंशगुण शेजारी ठेवून बघ. आकार, आयुर्मान, प्रजननक्षमता आणि प्रतिकारशक्ती असे चार आकडे दिसतील. नुसत्या आकारावर भुलू नकोस, प्रजननक्षमता आणि प्रतिकारशक्ती चांगली असलेला नर ठेव. उरलेले दोघे ट्रेड सेंटरला (गेममध्ये प्राणी साठवायच्या नि विकायच्या जागी) पाठव, किंवा माद्या नसलेल्या वेगळ्या हॅबिटॅटमध्ये एकत्र ठेव. जोपर्यंत आत मादी नाही तोपर्यंत त्यांचं जमतं. जखमी नर क्वारंटाईनमधून थेट नव्या जागी हलव. तो जुन्या जागी एकदा जरी परत गेला, तरी पुन्हा झुंज लागते.

एवढं करूनही काही काळाने भांडण पुन्हा सुरू होईल, आणि बरेच खेळाडू इथेच फसतात. जन्मलेलं नर शिंगरू वयात आलं की ते बापासमोर उभं राहतं. गेममध्ये वर्षं भराभर जातात, त्यामुळे प्राण्यांच्या यादीत वयाचा रकाना अधूनमधून बघत राहा आणि नर पिल्लू प्रौढ होण्याआधीच हलव.

सुरुवातीला झेब्र्यांची छान पिल्लं झाली. आता नवी पिल्लं जन्मतःच कमजोर निघतात, काही माद्यांना पिल्लंच होत नाहीत. खाणं, पाणी, निवारा सगळं हिरवं दिसतं.
(खारघर, नवी मुंबई)

वंशावळ उघडून बघा. बहुधा एकच नर सुरुवातीपासून आहे आणि त्याच्यापासून त्याच्याच मुलींना पिल्लं होत आहेत. गेम नात्यातल्या संबंधाची शिक्षा प्रजननक्षमता, प्रतिकारशक्ती आणि आयुर्मान कमी करून देतो, आणि पिढीगणिक ते साचत जातं.

रानात हे घडत नाही, कारण मुली घरी राहतच नाहीत. साध्या झेब्र्याची मादी पहिल्यांदा माजावर आली की तिची उभी राहण्याची ढब आसपासच्या नरांना लांबूनही कळते. बाप तिला राखायला धडपडतो, पण बाहेरचे नर एकामागून एक येतात आणि शेवटी कोणीतरी तिला घेऊन जातं. तरुण नर आपणहून कुटुंब सोडून टोळीत जातात. कुंपणाच्या आत हे काम करणारं कोणी नसतं, म्हणून ते तुम्हाला करावं लागतं. मादी पिल्लू वयात येण्याआधी तिला गर्भनिरोधक सुरू करा. प्राण्याच्या पॅनेलवरच तो पर्याय आहे. मग तिला दुसऱ्या, नात्यात नसलेल्या नराकडे हलवा. एकच हॅबिटॅट ठेवायचं असेल तर थोड्या पिढ्यांनी नर बदला. नवा नर घेताना त्याची वंशावळ आणि कोणत्या मादीशी त्याचं नातं किती, हे दोन्ही तपासा. फ्रँचाइझ मोडमध्ये (गेमच्या ऑनलाइन प्रकारात) जास्तीचे प्राणी ‘रानात सोडा’ म्हटलं की कॉन्झर्वेशन क्रेडिट्स, म्हणजे प्राणी घ्यायचं गेममधलं चलन मिळतं, आणि त्यावर नवा नर सहज येतो.

खऱ्या प्राणिसंग्रहालयात हेच काम वंशनोंदवहीवरून चालतं. प्राण्यांची अदलाबदल होते, आणि धोक्यात असलेल्या ग्रेव्ही या दुसऱ्या जातीच्या झेब्र्यासाठी युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांचा संयुक्त प्रजनन कार्यक्रमच आहे. नर बदलणं मात्र तिथे गेमइतकं सोपं नाही. चेक प्रजासत्ताकातल्या द्वूर क्रालोवे प्राणिसंग्रहालयातल्या नोंदींवरून दिसलं आहे की नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारू शकतो. गाभण मादी असलेल्या कळपात नवा नर सोडणं म्हणूनच जोखमीचं. आधी मध्ये कुंपण ठेवून त्यांना एकमेकांचा वास आणि सवय होऊ द्यावी लागते.

झेब्रा गवत खातो म्हणून पूर्ण हॅबिटॅटला लांब गवत लावलं, तरी टेरेनचा (जमिनीच्या प्रकाराचा) पट्टा लालच राहतो.
(ऐरोली, नवी मुंबई)

टेरेनच्या टॅबमध्ये प्रत्येक प्रकारासमोर हिरवा टापू असतो. आखूड गवत, लांब गवत, माती, खडक, वाळू या सगळ्यांचं प्रमाण आपापल्या टापूत यायला हवं, आणि एकूण बेरीज १०० टक्केच असते. लांब गवताने सगळं भरलं की बाकीचे सगळे शून्यावर जातात. मोठा ब्रश घेऊन आधी आखूड आणि लांब गवताची मोठी वाटणी करा, मग लहान ब्रशने मातीचे ठिगळ लावा. पाणवठ्याभोवती, कीपरच्या (प्राण्यांची देखभाल करणाऱ्याच्या) दारापाशी आणि निवाऱ्याच्या तोंडाशी माती लावलीत तर ते खरंही दिसतं, कारण खुरांनी जमीन तिथेच उघडी पडते. झाडं निवडताना खंड आफ्रिका आणि बायोम (निसर्गाचा प्रकार) गवताळ प्रदेश, अशी दोन्ही गाळणी लावा. झाडांची दाटी करू नका, कारण फिरण्याजोगी जागा घटते आणि टेरेन सुधारूनही वेल्फेअर (प्राण्याच्या सुखाचा आकडा) खाली येतं. चढ तीव्र असेल तरी तसंच होतं. फिरण्याजोगा भाग दाखवणारा आच्छादन-नकाशा सुरू करून एकदा खात्री करा.

लांब गवत मात्र पूर्ण काढू नका. झेब्र्याचं पचन घोड्यासारखं. तो रवंथ करत नाही, अन्न आतड्याच्या शेवटच्या भागात आंबतं आणि लवकर बाहेर पडतं. त्यामुळे जून, दांडेदार, कमी कसाचं गवतही त्याला चालतं, फक्त ते खूप खावं लागतं. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ त्याचा चरण्यातच जातो. सेरेंगेटीत यावरून एक क्रमच लागलेला आहे. आधी झेब्रे येऊन वरचं जाड गवत खातात, मग विल्डेबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) खालची पानं खातात आणि शेवटी थॉमसनचं गॅझेल हे लहान हरीण अगदी जमिनीलगतचे कोवळे कोंब टिपतं. हे प्राणी एकत्र हिंडतात त्याचं हे एक मोठं कारण. गेममध्ये दुसरे प्राणी सोबत ठेवायचे असतील तर झूपीडियात कोणाशी राहणं लाभदायक आहे ते बघा. त्या जोड्या ठेवल्या की एन्रिचमेंट (प्राण्याला गुंतवून ठेवण्याची सोय) वाढतं आणि वेगळी जागाही लागत नाही.

काळ्या गाईंच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे ओढले की माश्या कमी चावतात असं ऐकलं. खरं आहे का? आमच्या गोठ्यात गोमाश्यांनी जनावरं हैराण आहेत.
(मुरबाड, जि. ठाणे)

खरं आहे, आणि ते नीट तपासलेलं आहे. जपानमध्ये सहा काळ्या गाईंवर हा प्रयोग झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच गाईंना कधी पांढरे पट्टे, कधी काळ्याच रंगाचे पट्टे, कधी काहीच नाही, असं आळीपाळीने करून माश्या मोजल्या. पांढऱ्या पट्ट्यांनी चावणाऱ्या माश्या जवळजवळ निम्म्या झाल्या. काळ्या पट्ट्यांनी फरक पडला नाही, म्हणजे हा रंगाच्या वासाचा परिणाम नव्हता. शेपटी मारणं, पाय आपटणं, मान झटकणंही पट्टे असताना कमी झालं.

कारण झेब्र्यातच आहे. त्याच वर्षी झेब्र्याच्या पट्ट्यांचे अभ्यासक टिम कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्यांना पट्ट्यांची झूल घालून पाहिलं. माश्या जवळ येत होत्या तेवढ्याच, पण पट्ट्यांपाशी त्यांना वेग आवरून नीट बसता येत नव्हतं. घोड्याच्या उघड्या डोक्यावर मात्र त्या पूर्वीइतक्याच बसत होत्या. पट्टे सिंहापासून लपण्यासाठी असतात ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली आहे.

करून बघायचं असेल तर पट्टे बोटभर-दोन बोटं रुंदीचे, पायांवर आणि पोटाच्या बाजूंवर ओढा, कारण गोमाशी तिथेच जास्त बसते. रंग जनावराला चालणारा आहे का ते आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. डोळे, कास आणि जखमा टाळा. केसांवरचा रंग काही दिवसांतच जातो आणि मुरबाडच्या पावसात तर लगेच, त्यामुळे हा उपाय पावसाळ्याच्या आधी आणि नंतरच उपयोगाचा. शेण आणि भिजलेला चारा रोज उचलला नाही तर माश्या तिथेच वाढत राहतील आणि पट्ट्यांचा फायदा दिसणार नाही.

ऑगस्टमध्ये केनियाला जातोय. मसाई मारात झेब्र्याच्या तिन्ही जाती दिसतील का? आणखी काय तयारी हवी?
(सीवूड्स, नवी मुंबई)

मारात साधा झेब्राच दिसेल, पण ऑगस्टमध्ये भरपूर दिसेल. सेरेंगेटीकडून आलेले कळप त्या सुमारास तिथे असतात. ग्रेव्हीसाठी उत्तरेला साम्बुरूला जावं लागेल, आणि शक्य असेल तर नक्की जा, कारण जगात तो सुमारे तीन हजारच उरला आहे. पर्वतीय झेब्रा केनियात नाही. तो नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचा.

ओळखायला पोट बघा. साध्या झेब्र्याचे पट्टे रुंद असतात आणि पोटाखाली जाऊन मिळतात. ग्रेव्हीचं पोट पांढरं, पट्टे बारीक आणि दाट, कान मोठे नि गोल, अंगाने तो सगळ्यांत थोराड, वजन ३५० ते ४५० किलो. साम्बुरूत एखादा ग्रेव्ही नर एकटाच उभा दिसला तर तो कळपातून चुकलेला नसतो. ग्रेव्हीमध्ये कुटुंब टिकत नाही. नर पाणी आणि गवत असलेला प्रदेश धरून बसतो आणि माद्या त्यातून येत-जात राहतात. दूध पाजणाऱ्या मादीला एक-दोन दिवसांत पाणी लागतंच, म्हणून पाण्याजवळचा प्रदेश सगळ्यांत मोलाचा. फोटो काढताना ग्रेव्हीची उजवी बाजू पूर्ण घ्या. केनियातल्या गणनेत उजव्या कुशीच्या पट्ट्यांवरूनच एकेक प्राणी ओळखतात.

तयारीत सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. केनियाहून भारतात परतताना तिचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तारीख आधी घ्यावी लागते, त्यामुळे निघण्याच्या महिनाभर आधीच हे उरका. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना घ्यावा लागतो.

झेब्र्याला घोड्यासारखं माणसाळवता का येत नाही?
(नौपाडा, ठाणे)

एखाददुसरा झेब्रा शिकवता येतो. लंडनच्या रस्त्यांवर झेब्र्यांची गाडी हाकल्याचे जुने फोटोही आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या पाळण्याजोगा तो कधी झाला नाही. तो पटकन बिथरतो, चावला की सोडत नाही आणि मागची लाथ जबर मारतो.

प्राणिसंग्रहालय मोठं झालं की गेम अडखळतो. ग्राफिक्स कमी करूनही उपयोग नाही. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे.
(कळवा, ठाणे)

८ जीबी ही ‘प्लॅनेट झू’ची किमान अट आहे, १६ असेल तर बरं. पण तुमची अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. प्रत्येक पाहुणा आणि प्रत्येक प्राणी कुठे जातोय, त्याला काय हवंय, हा हिशेब प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्ड नव्हे. त्यामुळे चित्राचा दर्जा उतरवून फार फरक पडत नाही. पाहुण्यांची संख्या कमी ठेवा. बांधकाम करताना गेम पॉज करा. ज्या रस्त्यांनी कुठेच जाता येत नाही ते काढून टाका, कारण पाहुण्यांना वाट शोधून देण्याचा भार तिथे वाढतो. आणि झेब्र्यांची चार हॅबिटॅट्स असतील तर दोन ठेवा : एक कुटुंबाचं, एक नरांच्या टोळीचं.