मामंजींच्या दाताखालचं बी

प्रश्न : आमची दोन एकर काळी शरद सीडलेस आहे. भाव पडला की व्यापारी फिरकत नाही. मुलगा म्हणतो, द्राक्षं काळीच आहेत, घरची छोटी वायनरी काढून रेड वाईन करू. आई माळकरी, तिनं बोलणंच टाकलंय. काय करावं?
– एक वाचक, औसा

उत्तर (तुळजापूर तालुक्यात घरची वायनरी सांभाळणाऱ्या सूनबाईंकडून) :

दादा, आधी द्राक्षांचं सांगते, आईंचं मागून.

शरदची रेड वाईन करू नका. आम्ही पहिल्या हंगामात हौसेनं एक टाकी घातली होती. निघालं ते पाणचट सरबत! काळा मणी चिरून बघा, आत रस पांढराच. रंग सालीत, तुरटपणा सालीत आणि बीत. शरदला बी नाही, साल पातळ, त्यात आपण जीएत, म्हणजे वाढीच्या संजीवकात, बुडवून मणी फुगवतो. मग रसाच्या मानानं साल उरते कितीशी? शिराझ, कॅबर्ने या वाईनच्याच जाती, त्यांचा मणी वाटाण्याएवढा, जाड सालीचा, बियांचा. तो चेचून सालीसकट आठ-दहा दिवस आंबवायचा. गॅसनं साली वर येऊन जाड थर धरतात, तो दिवसातून तीनदा खाली दाबायचा. हंगामात माझे हात कोपरापर्यंत जांभळे असतात. लग्नाला जायचं तर लांब बाह्यांचं पोलकं शोधावं लागतं.

पण शिराझ बाजारात कुणी खायला घेत नाही, हे मुलाला नीट सांगा. शरदला लातूरचा व्यापारी नाही आला तर सोलापूरचा येईल. २००८च्या मंदीनंतर वायनऱ्यांनी माल उचलला नाही, तेव्हा नाशिककडे लोकांनी उभ्या बागा तोडल्या. आमचेही एका वायनरीकडे पैसे दोन वर्षं अडकले होते. त्या रागात आम्ही स्वतःची काढली, कर्ज अजून फेडतोय.

आणि पाणी. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते तुम्ही विसरला नसाल. वेल ठिबकवर जगतील हो, पण टाक्या, पाईप, फरशी धुवायला वाईनच्या कितीतरी पट पाणी जातं.

म्हणून अर्धा एकरच शिराझ लावा, '११० आर' नावाच्या जातीच्या खुंटावर कलम करून. माल लेखी करारावर दुसऱ्याच्या वायनरीला घाला. पीक धरायला दोनेक वर्षं जातील, तोवर पोराला एक हंगाम कुठंतरी टाक्या धुवायला पाठवा. त्यानंतरही तो वायनरीचं नाव काढत असेल तर बघू.

आता आई. आमचे मामंजी माळकरी, वारी चुकवत नाहीत. वाईनचा थेंब कधी तोंडात घेतला नाही, वायनरीचा उंबराही ओलांडला नाही. पण तोडणीची तारीख तेच देतात. रसातल्या साखरेचा आकडा, ब्रिक्स, २३ दाखवत असला तरी ते मणी तोंडात टाकून बी चावतात. हिरवं, कडवट लागलं की थुंकून म्हणतात, "कच्चंय. आठ दिस थांबा." तपकिरी बी भाजल्या शेंगदाण्यासारखं दाताखाली फुटलं की नुसती मान हलवतात. मग आम्ही पहाटे चारला कात्र्या घेऊन बागेत.

फेब्रुवारीत आईंना घेऊन या. मामंजींपाशी बागेतच बसवू, टाक्यांकडे नेणार नाही.