वन्स मोअर केव्हा म्हणायचं?

टोरांटो, डिसेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा प्रश्न अर्धाच राहिला: "आजी टीव्हीवर गाणं ऐकताना मध्येच 'वा' म्हणते. समोरचा गातोय आणि ही बोलतेय! ऑर्केस्ट्राला गेलं की तू मला खोकूसुद्धा देत नाहीस. मग हे कसं चालतं?" शनिवारी आजी-आजोबा तुला बालगंधर्व रंगमंदिरात नाट्यसंगीताच्या मैफलीला नेणार आहेत, म्हणून त्याआधीच लिहिते.

ऑर्केस्ट्रातल्या वादकासमोर कागद असतो. कुठला सूर किती वेळ, कुठे हळू, कुठे जोरात, सगळं आधी ठरलेलं. ऐकणाऱ्याने हूं की चूं केलं तरी त्यात बदल होत नाही, म्हणून त्याने गप्प बसायचं. नाट्यपद गाणाऱ्याकडे फक्त शब्द, चाल, राग आणि ताल ठरलेला असतो. एकच ओळ तीन वेळा घ्यायची की तेरा वेळा, तान घ्यायची की एका सुरावर थांबायचं, हे तो गाता गाता ठरवतो, आणि ठरवताना समोर बघत असतो. एखादी जागा, म्हणजे सुरांचं नाजूक वळण, घेतली आणि सभागृहातून 'अहाहा' आलं, की तो त्याच अंगाने पुढे जातो. शांतताच राहिली तर चाल आटोपती घेतो. म्हणजे आजीचं 'वा' ही गाण्यातली लुडबूड नव्हे, गाण्याला लागणारं सामान आहे. याला दाद म्हणतात. टीव्हीला दाद देऊन काही होत नाही, पण सवय!

मात्र दाद कुठेही टाकून चालत नाही. तिची जागा ओळखायला तुला एकच गोष्ट शिकावी लागेल: सम.

ताल हे मात्रांचं, म्हणजे सारख्या अंतराच्या ठोक्यांचं, फिरतं चक्र असतं, आणि त्याची पहिली मात्रा म्हणजे सम. सगळ्यात जास्त भेटणारा त्रिताल सोळा मात्रांचा. तो उजव्या हातावर मोज. प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि चौथं टोक, असे एका बोटावर चार आकडे. अंगठ्याने करंगळीच्या बुडापासून सुरू कर: करंगळी एक ते चार, अनामिका पाच ते आठ, मधलं बोट नऊ ते बारा, तर्जनी तेरा ते सोळा. पुन्हा करंगळीच्या बुडाशी आलीस की सम. तबला म्हणतो: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आता तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या डग्ग्याकडे कान दे. त्याचा घुमणारा आवाज बहुतेक वेळ चालू असतो आणि मधल्या बोटावर गायब होतो. तालाच्या त्या भागाला 'खाली' म्हणतात. घुमारा गेला की समजायचं, अर्धं चक्र झालं, आता समेकडे निघालो. पुष्कळ बंदिशींचा मुखडा, म्हणजे फिरून फिरून येणारा सुरुवातीचा तुकडा, इथूनच उचललेला असतो. तो समेवर येऊन टेकला की आजोबांची मान आपोआप खाली जाईल. मोजताना चुकलीस तर त्यांची मान बघ आणि तिथून पुन्हा एक म्हण.

झपताल लागला तर दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन अशा तुटतात. दादरा सहांचा, केरवा आठांचा. तेवढं पुरे.

दाद द्यायच्या जागा दोन. गाणारा आलाप-ताना घेत लांब गेला आणि नेमका समेवर परत आला, की 'वा'. किंवा मध्येच एखादी इतकी बारीक, अनपेक्षित जागा आली की तोंडून निघूनच गेलं, तर तेही चालतं. पण हळू, आपल्या रांगेपुरतं. तान अजून हवेत असताना टाळ्या वाजवायच्या नाहीत. ही चूक नेहमी होते. गायक वरचा सा लावून उभा राहतो, लोकांना वाटतं झालं, आणि कडकडाट होतो. खरी गंमत असते ती त्या सुरावरून उतरून मुखडा पकडण्यात, आणि ती टाळ्यांखाली बुडते. तिहाईचंही तेच. एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवट समेवर पडतो. दुसऱ्यालाच टाळी वाजवली की सगळ्यांना कळतं.

आणि गाण्याबरोबर ठेक्यात टाळ्या धरायच्या नाहीत, शेजारच्यांनी धरल्या तरी. तुला विज्ञान आवडतं म्हणून हिशेब देते. रंगमंचापासून तीस मीटरवर बसलीस, तर आवाज तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचा जवळजवळ अकरावा भाग लागतो. तुझी टाळी परत जायला तेवढाच. द्रुत, म्हणजे जलद, त्रितालात मात्रा पाव सेकंदाची असते, म्हणजे तुझी टाळी गायकाला जवळजवळ पाऊण मात्रा उशिरा ऐकू येणार. शंभर माणसं वेगवेगळ्या अंतरावरून असं करू लागली की तबलजीच्या कपाळावर आठ्या येतात.

आता वन्स मोअर. शब्द इंग्रजी, पण रीत आपली. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग केला आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. त्या नाटकांत पदांची रेलचेल असे. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, आणि निम्मे लोक गोष्ट बघायला नव्हे, गाणं ऐकायला येत. गोष्ट तर पाठच असे. त्यामुळे पद रंगलं की 'वन्स मोअर', आणि नायिका रडता रडता थांबून तेच पद पुन्हा म्हणणार. नाटक म्हणून बघितलं तर हे विचित्रच. पण दुसऱ्यांदा गाताना नट तेच तसंच म्हणत नसे, नव्या जागा घेई, आणि लोकांना हव्या असत त्या जागा.

ज्यांच्या नावाचं ते रंगमंदिर आहे, ते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (1888–1967), स्त्रीभूमिका करत. 1916 च्या 'संगीत स्वयंवर'मधली रुक्मिणी ही त्यांची गाजलेली भूमिका. त्यातलं 'नाथ हा माझा' हे यमन रागातलं पद शनिवारी बहुधा असेलच. चाल भास्करबुवा बखल्यांची. आधी जुनी ध्वनिमुद्रिका ऐकून जा, पण फसू नकोस. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावत, म्हणून तिथे पद दाबून बसवलेलं असतं. मैफलीत तेच दहा-बारा मिनिटं चालेल. आजी गुणगुणते ती तबकडीतली लांबी.

वन्स मोअर पद पूर्ण संपल्यावर, पहिल्या टाळीच्या भरात म्हणायचा. टाळ्या विरल्यावर एकट्याने ओरडलं की केविलवाणं वाटतं. नांदीला म्हणायचा नाही. नांदी म्हणजे सुरुवातीचं देवाचं स्तवन, बहुतेक वेळा 'शाकुंतल'मधलीच 'पंचतुंड'. तिला शेवटी एकदा टाळ्या, बस. साकी किंवा दिंडी म्हटली तरी नाही. ती लहानशी, सरळ म्हणायची वृत्तं. त्यांत फुलवण्यासारखं फारसं नसतं. शिवाय नाट्यगृह सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांवर भाड्याने मिळतं. वेळ संपत आली की आयोजक विंगेतून घड्याळ दाखवत असतो. मध्यंतराआधी दोन वन्स मोअर झाले की शेवटची दोन पदं गळतात, आणि नेमकं आपल्याला हवं असलेलं त्यांतच असतं.

स्टेजवर डाव्या-उजव्या हाताला एक लाकडी कपाटासारखं वाद्य दिसेल. ते ऑर्गन, पायपेटी. गेलीस की आधी त्याच्याकडे बघ, पियानो शिकणाऱ्या मुलीला सगळ्यात मजा तिथे. हाताच्या पेटीत एक हात भाता ओढण्यात जातो. ऑर्गनला दोन पायांनी पायटे दाबतात, म्हणून दोन्ही हात सुरांवर मोकळे, आणि सूर न तुटता भरून राहतो. मोठ्या थिएटरात ध्वनिक्षेपक नसताना गाणाऱ्याला टेकायला असा सूर लागायचा. तोट्याची बाजूही आहे: ऑर्गनच्या पत्त्या, म्हणजे आतल्या सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, जागेवर पिळून सुरात आणता येत नाहीत. म्हणून बाकी सगळे ऑर्गनला मिळवून घेतात, ऑर्गन कोणाला मिळत नाही.

कोणीतरी "काळी चार" म्हणेल. घाबरू नकोस, तुला येतं ते. पियानोवर सी-पासून काळ्या पट्ट्या मोज: सी-शार्प काळी एक, डी-शार्प दोन, एफ-शार्प तीन, जी-शार्प चार, ए-शार्प पाच. गाणाऱ्याचा सा ज्या पट्टीवर, ती त्याची पट्टी. बायका बहुधा काळी चार-पाचच्या आसपास गातात, पुरुष काळी एक-दोनच्या. एकाच कार्यक्रमात गायक आणि गायिका दोघंही असतील तर पट्टी बदलली की तबलाही बदलतो. तबलजीच्या शेजारी दोन-तीन तबले ठेवलेले दिसतील ते त्यासाठी. तानपुऱ्याच्या चार तारा एरवी प, सा, सा आणि खालचा सा अशा असतात. रागात पंचम, म्हणजे प, नसेल तर पहिली तार मध्यमावर, म्हणजे म-वर, उतरवतात. मध्ये दोन मिनिटं टकटक, टुंगटुंग चालेल. दिव्यांच्या उष्णतेने तबल्याचं कातडं ताणून सूर चढतो, दमटपणाने उतरतो, आणि हातोडीने कडेला ठोकून तो परत आणावा लागतो. तेव्हा सगळे गप्पा मारायला लागतात. तू मारू नकोस. तबलजीला त्या क्षणी ऐकू येणं सगळ्यात जास्त गरजेचं असतं.

प्रत्येक पदाआधी निवेदक प्रसंग सांगेल. ते लक्ष देऊन ऐक, कारण पद गाणाऱ्याचं नसतं, पात्राचं असतं. कोण, कोणाला, कशासाठी म्हणतंय हे कळलं नाही तर सुंदर सूर कळतील पण ती तान संतापाची की लाडाची, ते कळणार नाही. निवेदक कधी कधी गाण्यापेक्षा जास्त वेळ घेतात, तो भाग सोसायचा.

बसायचं कुठे? पहिल्या दोन रांगा बहुधा निमंत्रितांच्या, आणि तिथे ध्वनिक्षेपकाची भिंत एका कानावर येते. मधली सहावी ते बारावी रांग उत्तम. आजीच्या गुडघ्यासाठी कडेची खुर्ची मागून घ्या, म्हणजे उठताना दहा जणांचे पाय ओलांडावे लागणार नाहीत. अर्धा तास आधी पोचा. तिसरी घंटा झाल्यावर आत शिरलात तर पद संपेपर्यंत दाराशी उभं राहा. एसी जोरात असतो, शाल हवीच. खोकल्याची गोळी असेल तर कागद आधीच सोडवून रुमालात ठेव. शांत आलापात तो कागद ढोलासारखा वाजतो. फोन बंद. चित्रीकरण नको, मागच्या माणसाला अंधारात फक्त तुझा पडदा दिसतो.

मध्यंतर साधारण पंधरा मिनिटांचं. बटाटावडा आणि कॉफी हा त्या संध्याकाळचा अधिकृत भाग आहे, पण रांग मोठी असते. आजोबांना आधी रांगेत उभं करायचं, पैसे सुटे ठेवायचे, आणि खाऊन हात धुऊनच आत जायचं. वडा आत न्यायचा नाही.

फर्माईश करायची असेल तर मध्यंतरातच. छोट्या चिठ्ठीवर पदाची पहिली ओळ आणि नाटकाचं नाव, एवढंच. आपलं नाव-गाव-नातं नको. एकच पद. आधी झालेल्या रागातलं शक्यतो मागू नये, गाणारे तो सहसा पुन्हा घेत नाहीत. चिठ्ठी स्वयंसेवकाकडे द्यायची, स्टेजवर जायचं नाही. नाही गायलं तर रुसायचं नाही.

शेवटी भैरवी, म्हणजे त्या रागातलं समारोपाचं पद. ती झाली की दुसरं काही गात नाहीत, आणि तिला वन्स मोअर मागत नाहीत. भैरवी सुरू झाली की काही लोक गाडी काढायला उठतील. तुम्ही उठू नका. पार्किंगमध्ये दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

चिठ्ठीवर कुठलं पद लिहायचं ते आजीला विचार. ती "मला काही नको" म्हणेल. दुसऱ्यांदा विचार.

तुझी,
आई