घाम गाळला तो, पण तुम्हाला दिसायला नको होता

प्रश्न : ताई, मी ६३ वर्षांचा. जिल्हा परिषदेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालो. घरची गरिबी होती, साताऱ्याला 'कमवा आणि शिका'त राहून बी.ए. केलं. मुलगा २९ वर्षांचा, सात वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षा देतोय. महिन्याला १२ हजार पाठवतो. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, पुढे काही नाही. मध्यंतरी त्याने हॉटेलचे डबे घरोघर पोचवायचं काम धरलं होतं. बॅगेत कंपनीचा टी-शर्ट सापडला तेव्हा आम्हाला कळलं. मी ते लगेच बंद करायला लावलं. गावात कुणी विचारलं तर 'इंटरव्ह्यूपर्यंत पोचलाय' असं सांगतो. या पिढीला कष्ट नकोत, जबाबदारी नको. पैसे बंद केले तर शुद्धीवर येईल का? मंडळी म्हणते, नका करू. काय करावं?

उत्तर : दादा, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची बाजू पटत गेली. दुसऱ्यांदा त्या टी-शर्टपाशी अडले ती अडलेच.

'कमवा आणि शिका'त तुम्ही काय करत होतात? खुरपणी, शेण काढणं, उसाला पाणी देणं, यातलंच काहीतरी असणार. तेव्हा तुमच्या वडिलांनी 'कॉलेजच्या पोराने शेण काढायचं नाही' म्हणून परत बोलावलं असतं तर? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीदच होतं 'स्वावलंबी शिक्षण'. तुमचा मुलगा दिवसा अभ्यासिकेत बसून संध्याकाळी दुचाकीवर डबे पोचवत होता. हे दुसरं काय होतं? तुम्ही तेच बंद पाडलंत आणि आता विचारताय, या पिढीला कष्ट का नकोत. खरं सांगू, मला तुमचा थोडा रागच आला.

पण लाज का वाटली तेही कळतं. तुमचे कष्ट वसतिगृहाच्या शेतात झाले, सोबत सगळी तुमच्यासारखीच मुलं. त्यापुढे नोकरी ठरलेली होती. ठरलेली म्हणजे हातात नव्हती, पण वाट दिसत होती. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायचं, कार्ड जपून ठेवायचं, कधीतरी कॉल यायचा. तुम्हाला दर महिन्याला पेन्शन येते ना? १ नोव्हेंबर २००५पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना ती जुनी पेन्शन सरसकट मिळत नाही. म्हणजे तुमचा मुलगा ज्या दारावर सात वर्षं उभा आहे, त्या दाराच्या आतलं घरही तुमच्या वेळचं राहिलेलं नाही. राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. त्यात २०२५च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पर्यायांना गोल करायची सवय झालेल्या मुलांना आता पानंच्या पानं लिहायची आहेत. सात वर्षांतल्या तयारीचा काही भाग त्याला नव्याने करावा लागणार.

याचा अर्थ त्याचं काही चुकत नाही असा नाही. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. ही सवलत अनेकांना वरदान ठरली, आणि अनेकांची दहा वर्षं तिनेच खाल्ली. 'अजून अटेम्प्ट आहेत' हे वाक्य सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्यांमध्ये रोज रात्री कुणी ना कुणी स्वतःला ऐकवत असतं. कुठे थांबायचं हे आयोग सांगणार नाही आणि क्लासवाले तर नाहीच नाही. ते त्याला स्वतःलाच ठरवावं लागेल. २९ वर्षांच्या माणसाने एवढा हिशेब मांडायलाच हवा, आणि तो मागायचा हक्क तुम्हाला आहे.

फक्त मागण्याची पद्धत बदला. एकदम पैसे तोडू नका. मेसचं बिल थकलं की पोरगं आधी मित्रांकडून उसने घेतं, मग घरचा फोन उचलायचं टाळतं. त्यापेक्षा त्यालाच लिहून द्यायला सांगा: आणखी किती परीक्षा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोवर महिन्याचे स्वतः किती कमावणार. १२ हजारांतले चार उचलले तरी चालेल. कसे, ते तो बघेल. शिकवण्या घेईल, अभ्यासिकेचं काउंटर सांभाळेल, नाहीतर पुन्हा डबे पोचवेल. यातल्या कशालाही तुम्ही नाक मुरडायचं नाही, एवढं तुमच्याकडून हवं. त्या तारखेनंतर खोलीभाडं त्याचं. तारीख त्याने दिलेली असेल तर ती पाळायला तुम्हाला ओरडावं लागणार नाही, निदान रोज तरी नाही. आणि मंडळींनाही त्या बोलण्यात बसवा, नाहीतर तुम्ही बंद केलेले पैसे त्या डाळ-तांदळाच्या पिशवीतून पाठवतील.

आता ते 'इंटरव्ह्यूपर्यंत पोचलाय'. दादा, हे आधी थांबवा. मुख्य परीक्षाही न निघालेल्या पोराला तुम्ही गावात मुलाखतीला बसवलंय. तो जत्रेला आला की पारावर कुणीतरी विचारणार, 'काय साहेब, कधी निकाल?' काय सांगायचं त्याने? तो जत्रेला येतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की दोन-तीन वर्षं आला नसेल. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सांगा, 'तयारी करतोय, सोबत काम बघतोय.' पहिल्यांदा जीभ अडखळेल.

दिवाळीत येईल तेव्हा पहिल्या दिवशी काही काढू नका, जेवू द्या, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन रानात जा आणि तुमच्या वसतिगृहातलं सांगा. पहिला नंबर किती वेळा आला ते राहू द्या. पहिल्यांदा शेणाची पाटी डोक्यावर घेतली तेव्हा कसं वाटलं होतं, ते सांगा.