लॉगमधली ओळ कोडच्या कुठल्या जागेवरून आली, हे मशीन लर्निंगने शोधता येईल का?

तुम्ही लिहिलंय की जुनी, मोठी जावा सिस्टिम अंगावर पडली आहे, लिहिणारे लोक सोडून गेलेत, आणि एररची एक ओळ दिसली की ती कोडमध्ये नेमकी कुठून छापली गेली हे शोधण्यातच अर्धा दिवस जातो. तेव्हा जुने लॉग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना स्वतः लिहितो त्या नोंदी, देऊन एखादं मॉडेल ट्रेन करावं का?

करा, पण ते नंतर. मी इंदूरमध्ये हेच काम करतो. आमचं सॉफ्टवेअर सियागंजमधल्या किराण्याच्या ठोक व्यापाऱ्यांचं बिलिंग आणि साठा सांभाळतं. आम्हीही सुरुवात मॉडेलपासून केली आणि त्यात बरेच महिने गेले, म्हणून आधीच सांगतो. लॉगची ओळ कोडनेच लिहिलेली असते. तिचा पत्ता कोडमध्ये पडलेला आहे, आणि पडलेला पत्ता अंदाजाने शोधायचं कारण नाही.

समजा लॉगमध्ये ‘रेट नॉट फाउंड फॉर आयटम ७७२१, रिट्राय २’ असं आलं. कोडमध्ये ते ‘रेट नॉट फाउंड फॉर आयटम {}, रिट्राय {}’ असं आहे. महिरपी कंसांच्या जागी काहीही चालेल असा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर जुळवायचा नमुना, बनवायचा आणि त्याच्याशेजारी फाइल, मेथड, ओळ क्रमांक लिहून ठेवायचा. संपूर्ण कोड पार्सरमधून, म्हणजे कोडची रचना वाचणाऱ्या टूलमधून, काढून अशा सगळ्या टेम्प्लेट्सची (रिकाम्या जागा असलेल्या साच्यांची) एक यादी करा. ही कल्पना नवी नाही. बर्कलीच्या संशोधकांनी २००९ मध्ये सोर्स कोडमधूनच टेम्प्लेट काढून कन्सोल लॉग वाचून दाखवले होते. पुढे २०१७ मध्ये आलेलं ड्रेन नावाचं टूल कोड न बघता, नुसत्या लॉगवरून टेम्प्लेट काढतं. ते चांगलं आणि वेगवान आहे, पण मुळात ते कोड हाताशी नसलेल्यांसाठी आहे. तुमच्याकडे कोड आहे, तर तिथूनच सुरुवात करा.

यादी मात्र प्रत्येक रिलीजच्या वेळी, त्याच बिल्डसोबत बनवा आणि सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये कमिटचा हॅश, म्हणजे कोडची नेमकी आवृत्ती सांगणारा क्रमांक, छापा. आम्ही हे केलं नव्हतं. ग्राहकाकडे चार महिने जुनी आवृत्ती चालू होती आणि आम्ही ओळी जुळवत होतो आजच्या कोडशी. ओळ क्रमांक सरकलेले, दोन मेथड तर उडालेल्या.

आता मॉडेल कुठे लागतं ते सांगतो. अनंत चतुर्दशीची रात्र होती, रस्त्यावर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे फिरते देखावे, निघालेल्या, आणि मी घरी लॅपटॉप उघडून बसलो होतो, कारण एका व्यापाऱ्याची बिलं अडकली होती. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: ‘रिस्पॉन्स इज नल, रिट्राइंग’. यादीत बघितलं तर तीन जागा निघाल्या. कुणीतरी तोच ब्लॉक कॉपी करून दर आणायच्या, जीएसटीच्या आणि एसएमएसच्या कोडमध्ये चिकटवला होता. लॉगरच्या, म्हणजे ओळ छापणाऱ्या ऑब्जेक्टच्या, नावावरून क्लास कळला असता, पण जुन्या लोकांनी सगळं लॉगिंग एका हेल्पर क्लासमधून फिरवलं होतं, त्यामुळे प्रत्येक ओळीवर नाव त्या हेल्परचंच. पहाटे कळलं की ओळ जीएसटीकडची होती. ते कळलं कशावरून? त्याच थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी त्याच एका धाग्यावर) तिच्या आधी इनव्हॉइस नंबर लॉक झाल्याची ओळ होती आणि नंतर तो सुटल्याची.

माणूस जे बघून ठरवतो तेच मॉडेलला द्यायचं. आधीच्या दोन-तीन टेम्प्लेट्स, नंतरची एक, थ्रेडचं नाव, दोन ओळींमधला वेळ. उमेदवार जागा यादीने दिलेल्या असतात, मॉडेलने फक्त त्यांचा क्रम लावायचा. एवढ्यासाठी डिसिजन ट्रीजचं, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांचं, साधं मॉडेल आम्हाला पुरलं. जिथे कोडमध्ये नुसतं लॉगर.एरर(संदेश) असतं आणि संदेश भलत्याच क्लासमध्ये जोडून तयार होतो, तिथे टेम्प्लेट उरतच नाही. अशा ओळींसाठी मात्र कोड आणि मजकूर दोन्ही समजणारं एम्बेडिंग मॉडेल (अर्थ आकड्यांत मांडून जवळचे अर्थ जुळवणारं), कोडबर्टसारखं, उपयोगी पडतं.

ट्रेनिंगसाठी लेबल, म्हणजे प्रत्येक ओळीचं बरोबर उत्तर, कुठून आणायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. हाताने लेबल लावत बसू नका. लॉगफोरजे किंवा लॉगबॅक या जावाच्या लॉगिंग लायब्ररींना फाइल आणि ओळ क्रमांक छापायला सांगता येतं. प्रॉडक्शनमध्ये ते महाग पडतं, कारण प्रत्येक वेळी कॉल स्टॅक, म्हणजे कुठल्या मेथडने कुठल्या मेथडला बोलावलं त्याची साखळी, तपासावा लागतो. पण टेस्ट चालवताना त्याची फिकीर नाही. सगळ्या टेस्ट एकदा त्या सेटिंगवर चालवा, की प्रत्येक ओळीसमोर तिचा खरा पत्ता फुकटात मिळतो. तुमच्याकडेही हेल्पर क्लास असेल तर पत्ता त्याचाच येईल. स्टॅकमध्ये त्याच्या फ्रेम, म्हणजे साखळीतल्या कड्या, सोडून पुढची पहिली फ्रेम घ्या.

मॉडेल तपासताना आम्ही फसलो ते इथे. ओळी सरसकट मिसळून काही ट्रेनिंगला आणि काही मॉडेल तपासायला ठेवल्या. अचूकता इतकी छान आली की सगळे खूश. खरं तर हेल्थ चेकची, म्हणजे सर्व्हर चालू आहे ना हे बघणारी, एकच ओळ दर दहा सेकंदाला पडत होती आणि तीच दोन्हीकडे भरलेली होती. गुण ओळींवर मोजू नका, टेम्प्लेटवर मोजा. आणि विभागणी तारखेने करा: आधीच्या रिलीजवर शिकवा, नंतरच्यावर तपासा. पहिल्या तीन सूचनांत खरी जागा असली तरी ऑनकॉलवरच्या, म्हणजे अडचण आली की धावून जायची पाळी असलेल्या, माणसाला पुरे.

लॉग कुठेही पाठवण्याआधी मोबाइल नंबर आणि जीएसटी नंबर झाका. आमच्या लॉगमध्ये ते चक्क उघडे होते.

आणि ती तीन जागांची ओळ? दुसऱ्या दिवशी आमच्या टीममधल्या मुलीने तिन्ही ठिकाणी वेगळा मजकूर लिहिला. दहा मिनिटं लागली. तेव्हापासून बिल्डमध्येच एक तपासणी ठेवली आहे: एकच टेम्प्लेट दोन जागी सापडली की बिल्ड थांबतो.