मिक्सर गेला नाही, कार्बन संपलाय

प्रश्न : साडेतीन वर्षांचा 750 वॉटचा मिक्सर वाटण करताना बंद पडला. सर्व्हिस सेंटरने न उघडताच ‘मोटर गेली, नवा घ्या’ म्हणून सांगितलं. खरंच टाकून द्यायचा का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : मुळीच नाही. न उघडता मोटर गेली असं कुणालाच सांगता येत नाही. आधी प्लग काढा आणि मिक्सर आडवा करून तळ पाहा. तिथलं लाल बटण ओव्हरलोडचं असतं, मोटर तापली की ते बाहेर येतं. अर्धा तास थांबा, बटण आत दाबा आणि भांडं न लावता चालवून बघा. चालू झाला तर बिघाड नव्हता, भार जास्त झाला होता. बऱ्याच मिक्सरच्या तळावरच्या पट्टीवर ‘5 मिनिटं चालू, 2 मिनिटं बंद’ अशा अर्थाची सूचना छापलेली असते. घट्ट उडीदडाळ जेमतेम पाण्यात सलग दहा मिनिटं फिरवली, तर वाइंडिंगवरचं (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांवरचं) वार्निश जळू लागतं.

बटण दाबूनही आवाज येत नसेल, तर संशय कार्बनवर घ्या. मोटरच्या दोन बाजूंना स्प्रिंगने दाबून धरलेले दोन छोटे कार्बन फिरत्या कॉम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागात वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) घासत असतात. झिजणं हेच त्यांचं काम. लांबी पाच-सहा मिलिमीटर उरली की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, ठिणग्या वाढतात आणि एक दिवस मोटर थांबते. नवे आणताना जुना कार्बन सोबत न्या. रुंदी किंवा जाडी अर्धा मिलिमीटर चुकली, तरी तो खाचेत अडकतो नाहीतर खडखडतो. एकच झिजलेला दिसला तरी जोडी बदला. सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतील, कार्बन घासून बसले की त्या कमी होतात. मात्र कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं दिसलं आणि जळका वास आला, तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, गेलं आहे. नव्या मिक्सरचा विचार तेव्हा करावा, त्याआधी नाही.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही, अशी तक्रार असेल तर वरच्या कपलरचे (भांडं ज्यावर बसतं त्या दातेरी चकतीचे) दाते गेलेत. बहुतेक मिक्सरमध्ये कपलरला उलटा आटा असतो. खालून शाफ्टच्या (मोटरच्या दांड्याच्या) खाचेत स्क्रू-ड्रायव्हर धरून ठेवा आणि कपलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सोडवा. भांडं अडकलं तर मोटरऐवजी स्वस्त भाग तुटावा, म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवतात. ही रचना चांगलीच आहे, तिला नावं ठेवू नयेत.

आणि भांड्याखालून काळपट पाणी झिरपत असेल, तर आजच भांड्यातला बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) बदलून घ्या. तेच पाणी शाफ्टवरून मोटरमध्ये उतरतं. चांगल्या मोटरी जळण्याचं ते एक मोठं कारण आहे.

प्रश्न : खोक्यावर 25,000 तास लिहिलेला एलईडी बल्ब दोन वर्षांत गेला. ही फसवणूक नाही का? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : दिवसाला सहा तास धरले, तर 25,000 तास म्हणजे अकरा वर्षं होतात. तुमचा राग रास्त आहे. तो आकडा बहुधा एलईडी चिपचा असतो, आतल्या ड्रायव्हरचा (चिपांना बेताचा करंट पुरवणाऱ्या सर्किटचा) नसतो. बंद काचेच्या गोळ्यात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये उष्णतेला वाट मिळत नाही, मग ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो. दुसरं कारण म्हणजे मोजक्या चिपांमधून जास्त करंट रेटून उजेड वाढवणं. चिपा एकामागोमाग जोडलेल्या असल्याने एक जळली की सगळी ओळ विझते. झाकण काढल्यावर काळा ठिपका दिसतो तीच ती. तेवढीच चिप डाख देऊन वगळण्याचा उपाय घरी करू नका. बऱ्याच बल्बमध्ये आतली पट्टी थेट 230 व्होल्टला जोडलेली असते आणि उरलेल्या चिपांवर ताणही वाढू शकतो. पुढच्या वेळी ड्रायव्हर वेगळा असलेलं पॅनल घ्या. ड्रायव्हर गेला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्याच करंटचा आणि त्याच व्होल्टेज-टप्प्याचा दुसरा मिळतो.

बल्बच्या आयुष्यावर आधीही घाला घातला गेला आहे. 1924 मध्ये ऑसराम, फिलिप्स वगैरे कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाचा संघ करून तारेच्या बल्बचं आयुष्य 1,000 तासांवर बांधलं. बल्ब जास्त टिकला तर सदस्याला दंड होता. तार जास्त टिकवायची तर तेवढ्याच विजेत उजेड कमी मिळतो, हेही खरं. पण दंड कशासाठी होता, ते उघड आहे.

प्रश्न : फ्रंट लोड मशीन पिळताना विमानासारखा आवाज करतं. बेअरिंग मिळत नाही, पूर्ण टब बदलावा लागेल म्हणतात. (वाचक, मुलुंड)

उत्तर : दुर्दैवाने हे खरं असू शकतं. ड्रममागचं ऑइल सील (पाणी अडवणारं रबरी कडं) झिजतं, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ते गंजतं. रिकामा ड्रम हाताने वर उचलून पाहा. खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर ऐकू आली, तर बेअरिंगच आहे. टबचे दोन भाग स्क्रूने जोडलेले असतील, तर सील आणि दोन बेअरिंगं बदलून काम होतं. बेअरिंगवरचा नंबर वाचून घ्या, नागदेवी स्ट्रीटला तो मिळेल. दोन भाग वेल्ड करून एकजीव केले असतील, तर काही कारागीर टब कापून सीलंट आणि स्क्रूंनी परत जोडतात, पण गळतीचा धोका राहतो. दोनशे-चारशे रुपयांच्या भागासाठी अख्खा टब बदलायला लावणाऱ्या या रचनेला आमचा ठाम विरोध आहे. नवं मशीन घेताना ‘टब स्क्रूचा आहे का, बेअरिंग सुटं मिळतं का’ हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

प्रश्न : छताचा पंखा पाचवर ठेवूनही हळू फिरतो. (वाचक, भांडुप)

उत्तर : कंडेन्सर (म्हणजेच कपॅसिटर) बदला. तो बहुतेकदा 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्टचा असतो, तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच आणा. लोहार चाळीत सहज मिळतो. मेन स्विच बंद करा, आणि जुन्याची दोन टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने एकमेकांना टेकवून मगच हात लावा. बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा असेल तर त्यात हा कंडेन्सर नसतो, त्यात सर्किट बोर्ड जातो.

प्रश्न : वॉरंटी संपल्यावर कंपनी पार्ट नाही म्हणते. तक्रार कुठे करायची? (वाचक, दादर)

उत्तर : आधी ते ‘नाही’ लेखी मागा. मॉडेल, सिरियल नंबर, बिल आणि जॉबशीट (सर्व्हिस सेंटरची दुरुस्तीची नोंद) जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा. केंद्राचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर 2022 पासून सुरू आहे, त्यावर आधी कंपनीची दुरुस्तीविषयक माहिती पाहा. युरोपीय संघात मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक भाग, ड्रमचं बेअरिंग धरून, किमान 10 वर्षं पुरवणं बंधनकारक आहे. तेच मॉडेल तिथे विकलं जात असेल, तर तक्रारीत तसं जरूर लिहा.