नऊ तास अभ्यासिकेत, आणि पेपरात हात चालत नाही

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सध्या पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. नवी पेठेत अभ्यासिका लावली आहे. कॉलेज नसेल त्या दिवशी नऊ-नऊ तास बसतो. ऑरगॅनिकचं पुस्तक तीनदा वाचून काढलं, महत्त्वाचं सगळं पिवळ्या हायलायटरनं रंगवलं. वाचताना सगळं कळतं. पेपर हातात आला की मात्र हात चालत नाही. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत, त्यातला एक ऑरगॅनिकच. घरी अजून सांगितलेलं नाही. माझी बुद्धी कमी पडते का, की अजून तास वाढवू?

उत्तर : तास वाढवू नकोस. थोडे कमीच कर. बुद्धीची शंका काढून टाक, तुझ्या पत्रात मला तिचं काही कारण दिसलं नाही.

कारण दिसलं ते एका वाक्यात : 'वाचताना सगळं कळतं.' गोम तिथंच आहे. पुस्तक उघडं असताना पान ओळखीचं वाटतं, तिसऱ्यांदा वाचताना तर फारच. त्या ओळखीलाच आपण 'येतंय' म्हणून बसतो. पेपरात पुस्तक समोर नसतं, तिथं डोक्यातून काढून कागदावर उतरवायचं असतं. ते काढण्याचा सराव तू केलेलाच दिसत नाहीस. सराव झाला तो वाचण्याचा आणि रंगवण्याचा.

हे माझं शिक्षकी मत म्हणून सोडून देऊ नकोस. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. एका गटानं एक उतारा चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तो एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, साधारण 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. आणि गंमत अशी, की 'आठवड्यानं किती आठवेल' असं आधी विचारलं तेव्हा जास्त भरवसा होता तो नुसतं वाचणाऱ्यांनाच. तुझे नऊ तास तुला अभ्यासासारखे का वाटतात, ते यात आलं.

आता करायचं काय? अल्डॉल कंडेन्सेशनच घेऊ, म्हणजे अल्डिहाइडचे दोन रेणू जोडले जातात ती रिॲक्शन. दोन-तीन पानं नीट वाच आणि पुस्तक मिटव. पाठकोरा कागद घे. ॲसिटाल्डिहाइड आणि सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड एवढंच वर लिही आणि पुढचं स्वतः काढ. कोणता हायड्रोजन निघतो? तोच का? तो गेल्यावर जो ऋणभार येतो तो कशामुळे टिकतो? मग तो दुसऱ्या रेणूच्या कोणत्या कार्बनवर जातो? अडशील. अडलास की लगेच पान उलटू नकोस, दोन मिनिटं तसाच झगडत बस, त्या दोन मिनिटांतच अभ्यास होतो. मग पुस्तक उघड आणि चुकलं तेवढंच लाल शाईनं दुरुस्त कर. कागद फेकू नको, तारीख घालून ठेव.

बाणांकडे विशेष लक्ष दे. पेपर तपासताना मी वर्षानुवर्षं बघत आले : खाली प्रॉडक्ट अगदी बरोबर, आणि वर मेकॅनिझममधले, म्हणजे रिॲक्शन टप्प्याटप्प्यानं कशी घडते त्या मांडणीतले, बाण उलटे. बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो आणि ती जिथं जाते तिथं पोचतो. मुलं हायड्रोजनपासून बाण काढतात, ऑक्सिजनच्या दिशेनं. असं दिसलं की तपासणाऱ्याला कळतं, यानं चित्र पाठ केलंय. चित्र पाठ करणाऱ्याची फजिती एकच गोष्ट बदलली की होते. ॲसिटाल्डिहाइडच्या जागी बेंझाल्डिहाइड आणि सौम्यच्या जागी तीव्र अल्कली दिली, की अर्धा वर्ग तरीही अल्डॉलच लिहून मोकळा होतो. बेंझाल्डिहाइडला अल्फा हायड्रोजनच (कार्बोनिल ग्रुपच्या, म्हणजे C=O च्या, शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन) नाही, अल्डॉल होणार कुठून? तिथं कॅनिझारो नावाची वेगळी रिॲक्शन होते, आणि बेंझाइल अल्कोहोल व सोडियम बेंझोएट मिळतं.

यातूनच पुढची गोष्ट निघते. प्रकरणाखालचे प्रश्न त्याच प्रकरणात बसून सोडवलेस तर कुठली रिॲक्शन लावायची ते प्रकरणाचं नावच सांगून टाकतं. पेपरात ते नाव नसतं. म्हणून एकेक प्रकरण एकदा झालं की प्रश्न मिसळ. एसएन वन, एसएन टू (एका गटाच्या जागी दुसरा बसतो त्या रिॲक्शन) आणि एलिमिनेशन (गट निघून दुहेरी बंध होतो ती) यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिही, पत्त्यांसारखे पिस आणि येईल तो सोडव. मिथाइल ब्रोमाइडवर हायड्रॉक्साइड आलं तर एसएन टू, हे तू झोपेतही सांगशील. तेच तीव्र हायड्रॉक्साइड टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडवर टाकलं तर? तिथं कार्बनभोवती इतकी गर्दी, की मागून हल्ला करायला वाटच नाही, म्हणून मुख्यतः एलिमिनेशन होऊन अल्किन मिळतं. असे प्रश्न मिसळून सोडवताना चुका जास्त होतील आणि वेगही मंदावेल. होऊ दे. चिठ्ठ्यांना पैसे घालू नकोस, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून झकास चिठ्ठ्या होतात. आलेल्या आणि न आलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यांत ठेव आणि न आलेल्यांचा डबा रोज काढ. ही युक्ती 1972 साली सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं लोकांसमोर मांडली. आता मोबाइलवर तशी ॲपही आहेत. पण केमिस्ट्रीत रचना हातानं काढाव्या लागतात, म्हणून मी कागदाच्याच बाजूची.

एकदा आलं म्हणजे आलं, असं मात्र समजू नकोस. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरगट पाठ करून ते कधी नि किती विसरतात, हे स्वतःवरच तपासलं आणि 1885 साली प्रसिद्ध केलं. विसरण्याचा मोठा हिस्सा पहिल्याच दिवसात होतो असं त्याला दिसलं. अर्थ समजून वाचलेलं इतक्या वेगानं जात नाही, पण जातं. तेव्हा लेक्चर झालं त्या संध्याकाळी एकदा कोऱ्या कागदावर, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा, मग कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेच्या आधी. दर वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तुझं आत्ता काय होतं ते मी सांगू? प्रॅक्टिकलचं जर्नल सर्टिफाय करून घेण्याच्या धावपळीत सेमिस्टर निघून जातं आणि शेवटच्या पंधरवड्यात नऊ-नऊ तास सुरू होतात.

त्या अभ्यासिकेबद्दल. तुझ्या आजूबाजूला एमपीएससी-यूपीएससीची मुलं बारा-बारा तास ठाण मांडून बसलेली असतात, त्यांच्याकडे बघून तूही खुर्ची सोडत नाहीस. त्यांची परीक्षा वेगळी, त्यांचा दिवस वेगळा. शिवाय तिथं शांतता पाळावी लागते आणि तुला तर बोलायची गरज आहे! खोलीवर मित्राला समोर बसव आणि मेकॅनिझम मोठ्यानं समजावून सांग. मराठीत सांग, बिनदिक्कत. मित्र इतिहासाचा असला तर उत्तमच, तो 'पण का?' विचारेल. मग तेच इंग्रजीत चार ओळींत लिही. तुझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना रसायन कळलेलं असतं, पण इंग्रजी वाक्य जुळवता जुळवता पेपरातला वेळ जातो. त्याला उपाय लिहिण्याचाच, आणि तो आधी.

मोबाइल अभ्यासिकेच्या लॉकरात ठेव. पालथा घालून टेबलावर ठेवला तर लक्ष त्याच्यातच राहतं. रात्री झोप. शिकलेलं मेंदूत पक्कं बसायला झोप लागते, हे आता नीट सिद्ध झालंय. पेपरच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही.

आणि हायलायटर कुणाला तरी देऊन टाक.

घरी सांग. या रविवारी फोन कर. दोन विषय राहिलेत आणि ते काढायला मी काय करतोय, हे दोन्ही एकाच दमात सांग. वडील चिडतील, चिडू देत. लपवण्याचं ओझं डोक्यावर घेऊन तू बसतोस, आणि त्यात कार्बोनिल ग्रुपला जागा राहत नाही.

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत मेडिकलच्या दुकानात काम. अभ्यासाला रात्री जेमतेम दीड तास. मैत्रिणी म्हणतात, एवढ्यात कॉस्टिंग निघणार नाही. खरं का?

उत्तर : निघेल, पण दीड तासात सोडवलेली गणितं नुसती वाचत बसलीस तर नाही. कॉस्ट शीटचं, म्हणजे वस्तूला किती खर्च आला ते टप्प्यानं मांडणाऱ्या तक्त्याचं, उत्तर झाकून ठेव आणि स्वतः मांड : मटेरियल, लेबर, डायरेक्ट खर्च मिळून प्राइम कॉस्ट, मग फॅक्टरी ओव्हरहेड, पुढं ऑफिस आणि विक्रीचे. रोज एकच गणित, पण पूर्ण, आकडेमोडीसकट. रात्री नऊनंतर डोकं थकलेलं असतं, म्हणून त्या वेळेला नवीन धडा काढू नकोस, नवीन गोष्ट कॉलेजमध्येच दोन लेक्चरच्या मधल्या रिकाम्या तासाला समजून घे. थिअरीच्या व्याख्या दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा मनातल्या मनात म्हणून बघ, अडलेली व्याख्या चिठ्ठीवर टिपून ठेव.

एक चौकशी कर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ज्या जिल्ह्यात रुजवलं, तिथंच तू शिकतेस. तुझ्या कॉलेजात ती योजना असेल तर कॉलेजच्याच आवारात, ठरलेल्या तासांचं काम मिळू शकतं. पैसे दुकानापेक्षा कमी मिळतील कदाचित. दोन्हीचा हिशेब मांडून बघ, आणि तो तुला कॉस्टिंगवालीला मी सांगायला नको.