जेटवाल्या बाथटबचा (व्हर्लपूल) एक एचपीचा पंप नुसता हूंऽ करतो, फिरत नाही. प्लंबर म्हणतो दीड एचपीचा टाका. टाकू का?

नका टाकू. आणि तुमचा जुना एक एचपीचा पंप गेलाय हेही आधी नक्की करा. ‘नुसता हूंऽ करतो, फिरत नाही’ असं तुम्हीच लिहिलंय. मेन बंद करून मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर बहुतेक कपॅसिटर (मोटर सुरू करून देणारा छोटा डबा) गेलाय. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा आणा, काही शेकड्यांत काम होतं. जाम असेल तर बेअरिंग नाहीतर इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र), मग मात्र नवा पंप. पण तो कुठलाही चालत नाही.

आमच्या लोणावळ्याच्या बंगल्यात प्लंबरने टबला पाणी चढवायचा साधा अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक जोडला होता. तो पाणी जास्तीत जास्त तीस-पस्तीस मीटर वर नेतो, पण मिनिटाला फार तर तीस-चाळीस लिटरच. टबच्या पंपाचं उलटं: उंची दहा-बारा मीटर पुरते, पाणी मिनिटाला दोनशेच्या वर लागतं. जेटमधून नुसती पिचकारी! त्याहून वाईट म्हणजे टबचा पंप टबाबरोबर आपोआप रिकामा होतो, मोनोब्लॉकच्या पोटात पाणी तसंच राहतं. पंधरा दिवसांनी पाहुण्यांनी बटण दाबलं आणि जेटमधून काळे, बुळबुळीत तुकडे आले. पैसे परत केले, दुसरं काय.

म्हणून दुकानात ‘व्हर्लपूल बाथचा, सेल्फ-ड्रेनिंग’ (आपोआप रिकामा होणारा) असंच सांगा. एचपी तोच ठेवा. मोठ्या पंपाने सक्शनच्या (टबातलं पाणी पंपाकडे ओढणाऱ्या तोंडाच्या) जाळीवरची ओढ वाढते, केस अडकतात. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची मुलगी स्पाच्या अशाच ओढीत अडकून बुडाली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे या जाळ्यांसाठी कायदाच झाला.

आता मापं. दीड इंची पाइप बाहेरून ४८.३ मिमी भरतो आणि ५० मिमीचा पूर्ण ५०. डोळ्यांना सारखेच, पण एकाचं युनियन (पंपाला पाइप जोडायचा आट्यांचा जोड) दुसऱ्यावर बसत नाही, तेव्हा व्हर्निअर कॅलिपर लावून मोजाच. डिलिव्हरीचं (पाणी बाहेर टाकणारं) तोंड वर आहे की बाजूला, सक्शन जमिनीपासून किती उंचावर, याचे फोटो पंप काढायच्या आधी घ्या. टब बाहेरून आणलेला असेल तर नेमप्लेटवर ६० हर्ट्झ लिहिलंय का बघा, आपल्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचाच हवा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

बसवल्यावर पाणी जेटच्या वर चढेपर्यंत बटणाला हात लावू नका. कोरडा चालवला की नवं सील पहिल्याच दिवशी जळतं.